मोफत पब्लिक डोमेन चित्रांचे संग्रह : ऑनलाइन डॉक्युमेंटसाठी कुठला खरंच कामाचा?

‘फ्री इमेजेस’ असं शोधलं की साइट्सची रांगच लागते. त्यातल्या बहुतेक साइट्सवरची चित्रं पैसे न देता वापरता येतात, पण ती पब्लिक डोमेन, म्हणजे कोणाचाच हक्क न उरलेली, नसतात. डॉक्युमेंट चार जणांत फिरत असतं तोवर या फरकाने काही अडत नाही. तेच डॉक्युमेंट पुस्तिका म्हणून छापायचं, कोर्सला जोडून विकायचं किंवा खुल्या परवान्याखाली द्यायचं ठरलं की अडतं, आणि तोवर चित्र कुठून उचललं होतं हेच कोणाला आठवत नाही. त्यामुळे इथे प्रत्येक संग्रह आधी एकाच गोष्टीवर तपासला आहे : चित्राच्या मूळ पानावर हक्कांची स्थिती स्पष्ट लिहिलेली आहे का? चित्रांची संख्या आणि सर्चचा वेग हा त्यानंतरचा भाग.

क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या पब्लिक डोमेनच्या दोन पाट्या सगळीकडे दिसतात आणि त्या एकच समजल्या जातात. सीसी झिरो (2009) म्हणजे ज्याच्याकडे हक्क होते त्याने ते स्वतःहून सोडले. पब्लिक डोमेन मार्क (2010) म्हणजे हक्क आधीच संपलेले आहेत, असं कोणीतरी नोंदवून ठेवलं. पहिल्या पाटीमागे हक्कदाराचा शब्द असतो, दुसरीमागे फक्त नोंदवणाऱ्याचा अभ्यास. म्हणून संग्रहालयाने लावलेला मार्क निर्धास्तपणे घ्यावा आणि अनोळखी खात्याने लावलेला तपासून घ्यावा.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे

हे तिघे आधी निकालात काढू. फोटो देखणे, डाउनलोड एका क्लिकवर, नाव देण्याची सक्ती नाही. पण अनस्प्लॅशने जून 2017 मध्ये आणि पिक्साबेने जानेवारी 2019 मध्ये सीसी झिरो सोडून स्वतःचे परवाने आणले. पेक्सेल्सचाही आता स्वतःचाच परवाना आहे. वापराला मुभा असली तरी फोटो जसाच्या तसा विकणं किंवा गोळा करून दुसरा तसाच संग्रह उभारणं यावर बंधनं आहेत. तुमचं डॉक्युमेंट सीसी झिरोखाली द्यायचं असेल, तर हे फोटो त्यात सामावून जात नाहीत. ते काढावे लागतात किंवा त्यांना वेगळी टीप द्यावी लागते.

परवाना बदलण्याआधी चढवलेले फोटो मात्र सीसी झिरोच राहतात, कारण एकदा सोडलेला हक्क परत घेता येत नाही. अशा जुन्या फोटोंचा एक साठा विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाशी जोडलेल्या खुल्या फाइलींच्या संग्रहात) वेगळा नोंदवलेला आहे. सजावटीचा फोटो हवा असेल तर या साइट्स चांगल्या आहेत. इतिहास, विज्ञान, कला यांवरच्या लिखाणासाठी त्यांचा भरवसा नाही : चित्रात नेमकं काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, आणि पिक्साबेवर हल्ली एआयने बनवलेली चित्रंही येतात.

विकिमीडिया कॉमन्स : सगळ्यात मोठं, पण वाचता आलं पाहिजे

सप्टेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात आज दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. विषयांचा आवाका, नोंदींची खोली आणि भाषा यांत दुसरा कुठलाही संग्रह याच्या जवळ येत नाही. मात्र इथलं सगळंच पब्लिक डोमेन नाही. बराच भाग नाव द्यायला लावणाऱ्या किंवा ‘नाव द्या आणि याच परवान्याने पुढे द्या’ अशा परवान्यांखाली आहे. शोध घेतल्यावर वर लायसन्सचा फिल्टर दिसतो. त्यात ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडलं की सीसी झिरो आणि पब्लिक डोमेन तेवढं उरतं. शेजारीच फाइलचा प्रकार आणि आकार यांचे फिल्टर आहेत. आकारात ‘लार्ज’ निवडल्यास टपाल तिकिटाएवढ्या जुन्या स्कॅनमधून सुटका होते.

फिल्टर लावून काम संपत नाही. फाइलचं पान उघडून चार ओळी वाचायच्या, आणि त्याही याच क्रमाने : सोर्स, ऑथर, डेट, मग खालची परवान्याची चौकट. सोर्समध्ये संग्रहालयाचा किंवा ग्रंथालयाचा दुवा असेल तर निम्मं काम झालं. 1920 सालच्या दिसणाऱ्या फोटोला सोर्स म्हणून ‘ओन वर्क’ (स्वतःचं काम) लिहिलेलं असेल, तर चढवणाऱ्याने घरातल्या अल्बममधला फोटो स्कॅन केलेला असतो आणि स्कॅन करण्यालाच निर्मिती समजलेलं असतं. अशी फाइल आज ना उद्या वगळण्याच्या चर्चेला येते. ती घेऊ नये.

परवान्याच्या चौकटीत बरेचदा दोन पाट्या असतात : एक मूळ देशासाठी, एक अमेरिकेसाठी. कॉमन्सचा नियमच आहे की चित्र दोन्हीकडे मुक्त हवं. याचं कारण मुदतींच्या हिशोबात आहे. बऱ्याच देशांत निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, भारतात 60, तर अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांना प्रकाशनापासून 95 वर्षं. समजा, युरोपातला चित्रकार 1950 मध्ये वारला आणि चित्र 1935 मध्ये प्रकाशित झालं. 70 वर्षांच्या देशांत ते 2021 च्या सुरुवातीला मुक्त झालं, पण अमेरिकेत 2030 संपेपर्यंत अडकलेलं राहतं. उलटही घडतं : 1925 मध्ये प्रकाशित झालेलं चित्र अमेरिकेत मुक्त असतं, पण चित्रकार 1960 मध्ये वारला असेल तर 70 वर्षांच्या देशांत अजून बंद. ऑनलाइन डॉक्युमेंट कुठल्याही देशात उघडलं जातं, त्यामुळे दोन्ही पाट्या असलेली फाइल घेणं शहाणपणाचं.

आणखी एक सापळा मूर्ती आणि शिल्पांचा. सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोला स्वतंत्र कॉपीराइट नाही, हे अमेरिकेत 1999 च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल निकालापासून मान्य आहे आणि युरोपियन युनियनच्या 2019 च्या निर्देशातही ती दिशा आहे. शिल्पाचं तसं नाही. कोन, प्रकाश, पार्श्वभूमी फोटोग्राफर ठरवतो, म्हणून शिल्प दोन हजार वर्षांपूर्वीचं असलं तरी फोटो कालचा आणि हक्क फोटोग्राफरचे. अशा फाइलीवर फोटोचा परवाना वेगळा बघायचा. जुन्या कृष्णधवल फोटोला कोणी रंग दिले असतील, तर रंगवणाऱ्याचाही दावा असू शकतो. मूळ कृष्णधवल प्रतच घ्यावी.

कॉमन्सची खरी कमजोरी गुणवत्तेतल्या चढउताराची आहे. संग्रहांची तुलना करायला एकच चित्र सगळीकडे शोधून बघावं. होकुसाईची कानागावाजवळची मोठी लाट यासाठी उत्तम. होकुसाई 1849 मध्ये वारला, त्यामुळे हक्कांचा प्रश्नच नाही. फरक दिसतो तो फक्त संग्रहांचा. कॉमन्सवर या लाटेच्या अनेक फाइली आहेत. एकीत कागद पिवळट, एकीत जवळजवळ पांढरा, एकीत निळा रंग गडद करून ठेवलेला, एकीत कडा कापलेल्या. काही फरक खरे आहेत, कारण हा लाकडी ठशाचा छाप आहे आणि वेगवेगळ्या संग्रहालयांत वेगवेगळे छाप आहेत : कुठे आभाळाचा रंग टिकलाय, कुठे विटलाय. काही फरक मात्र चढवणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये केलेले आहेत. कुठला फरक कुठल्या जातीचा, हे फाइलच्या पानाच्या तळाशी असलेल्या ‘फाइल हिस्टरी’त कळतं. तिथे एकाच नावावर तीन-चार आवृत्त्या दिसल्या तर जुन्या उघडून बघा. आणि कॅप्शनमध्ये नुसतं ‘होकुसाई’ न लिहिता कुठल्या संग्रहालयातला छाप तेही लिहा, नाहीतर वाचक दुसरा छाप बघून रंग चुकला म्हणेल.

संग्रहालयांच्या स्वतःच्या साइट्स

कलेच्या बाबतीत कॉमन्सपेक्षा मूळ संग्रहालयातूनच चित्र घ्यावं, असं ठाम मत आहे. नोंद त्यांची, फोटो त्यांचा, परवान्याचं विधानही त्यांचंच. मधे कोणी नाही.

आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोचा अनुभव या सगळ्यांत उजवा. शोधाच्या फिल्टरमध्ये ‘पब्लिक डोमेन’ आहे, चित्राच्या पानावर सीसी झिरोचा उल्लेख आहे, आणि चित्रं ट्रिपल-आय-एफ या, वेबवर चित्रं देण्याच्या सामाईक पद्धतीने दिली जातात. डॉक्युमेंट लिहिणाऱ्याला याचा फायदा असा की चित्राचा आकार त्याच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) ठरवता येतो. पत्त्याच्या शेवटी क्रमाने चार गोष्टी येतात : चित्राचा कुठला भाग, किती रुंद, किती फिरवायचं, आणि फाइलचं नाव. रुंदीच्या जागी 843 आणि त्याला चिकटून स्वल्पविराम असतो. तो स्वल्पविराम म्हणजे ‘उंची प्रमाणात तुम्हीच काढा’ ही सूचना आहे. तो गाळला की सर्व्हर चित्राऐवजी एरर देतो, आणि नव्याने वापरणाऱ्यांची चूक हमखास इथेच होते. 843 हीच रुंदी त्यांची साइट स्वतः वापरते, म्हणून ती तयार असते आणि लगेच मिळते. मोठं हवं असेल तर पब्लिक डोमेन कामांसाठी बरोबर दुप्पट, 1686 घ्या. साधारण डॉक्युमेंटला ते पुरतं. मनाला येईल तो आकडा टाकण्यात अर्थ नाही, प्रत्येक नवा आकार सर्व्हरला त्या वेळी बनवावा लागतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये तीन लाख पंचाहत्तर हजारांहून जास्त चित्रं सीसी झिरोखाली खुली केली. ‘ओपन ॲक्सेस’चा फिल्टर लावून शोधा. चित्राखाली पब्लिक डोमेनची खूण असली तरच डाउनलोडचा बाण वापरा. खूण नसलेलं चित्रही स्क्रीनवर तितकंच मोठं दिसतं, राइट-क्लिकने उतरतंही, आणि घोळ तिथे होतो. उसनी आणलेली आणि विसाव्या शतकातली कामं बहुधा या गटात असतात. मेटच्या नोंदी फार चांगल्या : माध्यम, मापं, ॲक्सेशन नंबर (संग्रहालयाने वस्तूला दिलेला नोंद क्रमांक), वस्तू संग्रहालयात कशी आली तेही.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या समूहाने फेब्रुवारी 2020 मध्ये 28 लाख द्विमितीय आणि त्रिमितीय प्रतिमा सीसी झिरोखाली दिल्या, आणि तेव्हापासून संख्या वाढतेच आहे. विमानं, जीवाश्म, कीटक, वनस्पतींचे नमुने, तिकिटं असं सगळं एका छताखाली मिळतं, त्यामुळे विज्ञान शिकवणाऱ्यांनी आधी इथे यावं. उणीव शोधाची आहे : एकच शब्द टाकला तर नमुन्यांच्या हजारो नोंदी येतात. शास्त्रीय नाव आणि सीसी झिरोचा फिल्टर दोन्ही लावले की गर्दी आटोक्यात येते. ‘युसेज कंडिशन्स अप्लाय’ असं दिसलं तर ती वस्तू सोडून द्या. अटी शोधत बसण्यात जाणाऱ्या वेळात दुसरं चित्र मिळतं.

लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाचा खुल्या चित्रांचा कार्यक्रम 2013 पासून आहे आणि 2024 मध्ये त्यांनी चित्रांवर सीसी झिरोची पाटी लावली. क्लीव्हलंडचं कला संग्रहालय 2019 पासून त्याच मार्गावर आहे. दोन्ही विश्वासाचे. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमचे स्कॅन इतके बारीक असतात की कोरीवकामातली एकेक रेघ दिसते. नकाशे आणि छापील चित्रं यांसाठी ते पहिलं ठिकाण.

लायब्ररी ऑफ काँग्रेस, फ्लिकर कॉमन्स, नासा

लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे ‘फ्री टू यूज अँड रीयूज’ नावाने विषयवार निवडक संच आहेत. पुलं, कुत्री, सायकली, प्रवासाची पोस्टर्स अशा विषयांवर घाईत चित्र हवं असेल तर हे संच वेळ वाचवतात. बाकीच्या फोटोंवर ‘नो नोन रिस्ट्रिक्शन्स’ अशी ओळ असते. 2008 मध्ये याच ग्रंथालयाला घेऊन सुरू झालेल्या फ्लिकर कॉमन्सवरही (फ्लिकर या फोटो-साइटवरच्या संस्थांच्या विभागात) तशीच भाषा आहे. ही ओळ म्हणजे पब्लिक डोमेनची हमी नव्हे. ‘आमच्या माहितीत कोणाचा हक्क नाही’ एवढंच संस्था सांगते. रोजच्या वापराला ते पुरतं, पण मुखपृष्ठासाठी किंवा जाहिरातीसाठी चित्र घेताना ‘राइट्स ॲडव्हायजरी’ची ओळ पूर्ण वाचावी. तिथे फोटो कोणी काढला, तो सरकारी नोकरीत होता का, हे लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या संघ सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोला अमेरिकेत कॉपीराइट नसतो. 1930 च्या दशकातल्या शेतमजुरांचे प्रसिद्ध सरकारी फोटो याच नियमाने खुले आहेत.

याच ग्रंथालयाशी जोडलेलं एक प्रकरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. कॅरोल हायस्मिथ या फोटोग्राफरने आपले हजारो फोटो ग्रंथालयाला लोकांच्या मोफत वापरासाठी दिले. पुढे त्यांनाच त्यांचाच फोटो वापरल्याबद्दल 120 डॉलर मागणारं पत्र आलं, कारण एका फोटो एजन्सीने तो विक्रीला ठेवला होता. 2016 मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि कॉपीराइट कायद्याखालचे त्यांचे दावे फेटाळले गेले. पब्लिक डोमेन चित्र कोणीही विकायला ठेवू शकतो, आणि ते एजन्सीच्या साइटवर दिसलं म्हणून त्याचे हक्क एजन्सीकडे जात नाहीत. असं पत्र आलं तर उत्तर म्हणून मूळ पानाचा पुरावा हाताशी हवा. तो कसा ठेवायचा ते पुढे येतं.

नासाची चित्रं साधारणपणे कॉपीराइटमुक्त असतात. तीन अपवाद ध्यानात ठेवा. नासाच्या बोधचिन्हाचा वापर वेगळ्या नियमांखाली येतो. ओळखू येणारे अंतराळवीर परवानगीशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत. आणि क्रेडिटमध्ये दुसऱ्या संस्थेचं किंवा फोटोग्राफरचं नाव असेल, तर त्या चित्राला त्यांचे नियम लागू होतात. युरोपियन स्पेस एजन्सीबरोबरच्या मोहिमांमध्ये हे वरचेवर होतं, म्हणून क्रेडिटची ओळ शेवटपर्यंत वाचा.

ओपनव्हर्स : शोधायला उत्तम, पुराव्याला अपुरं

क्रिएटिव्ह कॉमन्सचं जुनं सर्च 2021 मध्ये वर्डप्रेसकडे गेलं आणि ओपनव्हर्स झालं. फ्लिकर, कॉमन्स आणि अनेक संग्रहालयं एकत्र शोधता येतात, फिल्टरमध्ये सीसी झिरो आणि पब्लिक डोमेन मार्क यांच्या चौकटी आहेत. आभाराची ओळ तयार करून देणारं बटणही आहे. वेग चांगला, जाहिराती नाहीत, वापरायला सुखद.

पण ओपनव्हर्स परवाना स्वतः तपासत नाही. मूळ साइटवर जे लिहिलंय तेच आणून दाखवतं. फ्लिकरवर 2015 पासून कोणालाही आपल्या खात्यातल्या फोटोला पब्लिक डोमेन मार्क लावता येतो, आणि दुसऱ्याचे फोटो चढवून त्यांना तो लावणारी खाती आहेत. ओळखायचं कसं? त्या खात्यातले इतर फोटो बघा. एकाच खात्यात चित्रपटाची पोस्टर्स, वर्तमानपत्रातले फोटो आणि अगदी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेली निसर्गदृश्यं असतील, तर माणूस गोळा करणारा आहे. मग फोटो टिनआय किंवा गुगल लेन्स अशा चित्रावरून शोधणाऱ्या साइटवर टाकून सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा नमुना कुठे आहे ते शोधा. ओपनव्हर्सवरून थेट डॉक्युमेंटमध्ये चित्र नेऊ नये. मूळ पान उघडावं, तिथला परवाना वाचावा आणि तिथूनच फाइल घ्यावी.

डॉक्युमेंटमध्ये चित्र घालताना

गुगल डॉक्समध्ये ‘इन्सर्ट’, मग ‘इमेज’ उघडलं की ‘सर्च द वेब’ हा पर्याय दिसतो. सोय मोठी आहे, पण त्या छोट्या पॅनलमध्ये परवान्याची पुरेशी माहिती मिळत नाही आणि चित्र घातल्यावर स्रोत डॉक्युमेंटमध्ये नोंदला जात नाही. पब्लिक डोमेनच्या कामासाठी हा पर्याय वापरूच नये. वर्डमधल्या ऑनलाइन चित्रांच्या शोधात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ओन्ली’ अशी खूण असते. तीही पुरेशी नाही, कारण नाव द्यायला लावणारे आणि व्यावसायिक वापर नाकारणारे परवानेही क्रिएटिव्ह कॉमन्सच असतात. वर्डमधली ‘स्टॉक इमेजेस’ मायक्रोसॉफ्टच्या परवान्याची, पब्लिक डोमेन नव्हेत.

डॉक्सच्या त्याच मेनूतलं ‘बाय यूआरएल’ चांगलं चालतं, फक्त पत्ता चित्राचा हवा, पानाचा नको. कॉमन्सवर इथे हमखास फसगत होते, कारण फाइलच्या पानाचा पत्ताही ‘डॉट जेपीजी’नेच संपतो. तो चित्राचा वाटतो, पण त्यामागे वेबपान असतं आणि डॉक्स चित्र घ्यायला नकार देतं. पानावरच्या ‘ओरिजिनल फाइल’वर राइट-क्लिक करून दुव्याचा पत्ता कॉपी करा, बरोबर पत्ता ‘अपलोड डॉट विकिमीडिया’ने सुरू होतो. तरीही नकार आला तर हटून बसू नका, फाइल उतरवून ‘अपलोड फ्रॉम कॉम्प्युटर’ करा. यूआरएलने घातलेलं चित्रही डॉक्स स्वतःकडे उतरवून ठेवतं, त्यामुळे मूळ साइट बंद पडली तरी डॉक्युमेंटमधलं चित्र जात नाही.

डॉक्सच्या मर्यादा : फाइल 50 एमबीपेक्षा लहान, 25 मेगापिक्सेलपर्यंत, आणि जेपीजी, पीएनजी किंवा न हलणारं जिफ. संग्रहालयांचे स्कॅन इथेच अडकतात. 6000 गुणिले 4000 म्हणजे 24 मेगापिक्सेल, चालेल. 8000 गुणिले 6000 म्हणजे 48, फाइल 12 एमबीची असली तरी चालणार नाही. टिफ आणि एसव्हीजी आधी बदलून घ्यावे लागतात. एसव्हीजी नकाशा किंवा आकृती असेल तर कॉमन्सच्या पानावरच वेगवेगळ्या रुंदीचे पीएनजी तयार मिळतात; वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

किती मोठं चित्र घ्यायचं याचा हिशोब सोपा आहे. ए-फोर पानाची रुंदी 21 सेंटीमीटर. दोन्हीकडे एकेक इंच समास सोडला की मजकुराची रुंदी साधारण 6.27 इंच उरते. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरले तर 1,880 च्या आसपास येतात. म्हणजे पानभर रुंदीच्या चित्राला 1,900 पिक्सेल भरपूर, फक्त स्क्रीनवर वाचायचं असेल तर 1,200 ते 1,600. त्यापुढचे पिक्सेल डॉक्युमेंट जड करतात, वाचकाला त्यांचा उपयोग शून्य. टिफवरून जेपीजी बनवताना रंगांचा प्रोफाइल एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच) करा आणि क्वालिटी 80 ते 85 ठेवा. प्रोफाइल न बदलता नुसता काढून टाकला तर रंग मळकट दिसतात, आणि दोष बिचाऱ्या स्कॅनला मिळतो. रेघांची चित्रं, आकृत्या आणि अक्षरं असलेले नकाशे जेपीजीत नेऊ नका, अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. त्यांना पीएनजीच हवं.

क्रॉप चित्र घालण्याआधी करावा. डॉक्समध्ये क्रॉप केलेला भाग फक्त झाकला जातो. ‘रीसेट इमेज’ केलं की तो परत येतो आणि फाइलचं वजनही तेवढंच राहतं. डेस्कटॉपवरच्या वर्डमध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधून कापलेला भाग कायमचा काढता येतो. वर्ड सेव्ह करताना चित्रं आपोआप लहान करतं. छपाईचं काम असेल तर ‘ऑप्शन्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन चित्रं कॉम्प्रेस करू नका ही खूण आधी लावा, नंतर लावून गेलेला तपशील परत येत नाही.

चित्र ‘इन लाइन’ ठेवा. ‘रॅप टेक्स्ट’ दिसायला छान, पण वर दोन ओळी वाढल्या की चित्र पुढच्या पानावर आणि कॅप्शन मागच्या पानावर राहतं. एक रकाना आणि दोन ओळींचं टेबल करा, वर चित्र, खाली कॅप्शन, टेबलाच्या कडेची जाडी शून्य. दोन्ही एकत्र हलतात. ऑल्ट टेक्स्टसाठी (स्क्रीन-रीडर वाचून दाखवतो त्या वर्णनासाठी) चित्र निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि वाय दाबा. तिथे कॅप्शन पुन्हा लिहू नका. न बघता ऐकणाऱ्याला चित्रात काय दिसतंय ते सांगा.

वर्डप्रेसवर लिहिणाऱ्यांना 6.2 आवृत्तीपासून (मार्च 2023) एडिटरच्या ‘मीडिया’ टॅबमध्येच ओपनव्हर्स मिळतं. चित्र घातलं की ते तुमच्या मीडिया लायब्ररीत उतरतं आणि आभाराची ओळ कॅप्शनमध्ये येते. मूळ सर्व्हरने फाइल द्यायला नकार दिला तर वर्डप्रेस विचारतं की बाहेरचं चित्र तसंच जोडू का. तिथे नाही म्हणा आणि फाइल हाताने उतरवून चढवा. बाहेरून जोडलेली फाइल मालकाने बदलली, नाव बदललं किंवा काढली की तुमच्या पानावर भलतंच चित्र दिसतं किंवा रिकामी चौकट राहते. कॉमन्सवर तर एकाच नावावर नवी आवृत्ती चढवणं रोजचं आहे.

नोंद कशी ठेवावी

पब्लिक डोमेन चित्राला नाव देणं बंधनकारक नाही. तरी द्यावं, कारण वाचकाला मूळ चित्र गाठता येतं. ओळ अशी : चित्राचं नाव, निर्माता, साल, संस्था आणि ॲक्सेशन नंबर, सीसी झिरो किंवा पब्लिक डोमेन, आणि संस्थेच्या पानाचा दुवा. दुवा संस्थेच्या पानाचा द्या, फाइलचा देऊ नका. फाइलवर परवाना लिहिलेला नसतो. चित्रात बदल केला असेल तर ‘कडा कापल्या’ किंवा ‘कृष्णधवल केलं’ एवढंही लिहा. क्रेडिटवरून संग्रहालयानेच चित्र तसं दिलं असा समज व्हायला नको.

शेजारी एक शीट ठेवा : फाइलचं नाव, मूळ पानाचा पत्ता, परवाना, पाहिल्याची तारीख, केलेले बदल. त्याच वेळी मूळ पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ने साठवून तो पत्ताही शीटमध्ये टाका. साइटने पुढे परवान्याची भाषा बदलली, तर तुम्ही घेतलं त्या दिवशी काय लिहिलं होतं हे तारखेसकट दाखवता येतं.

जुन्या डॉक्युमेंटमधली चित्रं तपासायची असतील तर गुगल डॉक्समध्ये ‘फाइल’, ‘डाउनलोड’, ‘वेब पेज’ हा पर्याय घ्या. झिप उघडल्यावर सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये वेगळी मिळतात. एकेक टिनआयवर टाकायचं. ज्याचा मूळ मालक सापडत नाही ते काढून त्याजागी संग्रहालयातलं चित्र बसवायचं. चित्रावर राइट-क्लिक करून ‘रिप्लेस इमेज’ केलं तर टेबल आणि जागा तशीच राहते. ऑल्ट टेक्स्ट मात्र उघडून बघा, त्यात आधीच्या चित्राचं वर्णन राहिलेलं असू शकतं.